पळाली की तापते

मधवालीच्या पिकअपला चमत्कारिक रोग जडला होता. उभी असली की थंड, पळाली की ताप! जगातल्या समस्त गाड्या गर्दीत अडकल्या की तापतात आणि मोकळा रस्ता मिळाला की निवतात. ही बया उलट्या काळजाची. अंगणात वाटेल तेवढा वेळ इंजिन चालू ठेवा, काटा जागचा हलायचा नाही. रस्त्याला लागून जरा वेग घ्या, की काटा चढलाच म्हणून समजा. आता बोला!

एरवी मधवालीने या गमतीचं कौतुकच केलं असतं. तिला कोड्यांचं वेड. पण हे कोडं तिच्या जिवावर उठलं होतं. ज्या बागेत तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, त्या बागेतला फुलोरा संपला होता आणि बागवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं, "परवा फवारणी आहे, त्याआधी पेट्या हलवा." फवारणी झाली की माश्या पटापट मरणार. वर डोंगरावर रानफुलं उमलली होती, पेट्या तिकडे न्यायच्या होत्या. भाड्याच्या टेम्पोवाल्यांना विचारलं, तर माश्यांचं नाव काढताच सगळ्यांनी कानाला हात लावले. म्हणजे उरली ही एकच पिकअप, मधवालीइतकीच हट्टी आणि तिच्याहून थोडी म्हातारी.

हळूहळू न्यायची सोय असती, तरी निभावलं असतं. पण डोंगर लागायच्या आधी लांबलचक सपाट रस्ता होता. बैलगाडीच्या चालीने गेलं, तर वाटेतच ऊन डोक्यावर येणार आणि दारं बंद केलेल्या पेट्यांत माश्या उकडून निघणार. पळवली तर गाडी तापून मध्येच बसणार, आणि मग माश्या उकडणार त्या उकडणारच. इकडे आड, तिकडे विहीर.

मुळात झालं होतं असं. इंजिनाच्या जुन्या पंख्याचं एक पातं चालता चालता तुटलं आणि थेट रेडिएटरमध्ये घुसलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत डोकावला, बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, "भंगारात घाला, बाई. हिचे भाग आता मिळत नाहीत."

"भंगारात घालू?" मधवाली म्हणाली. "मग भंगारातूनच आणते की!"

आणि खरंच ती भंगारवाल्याच्या वाड्यात जाऊन बसली. सोबत तिचा थोरला भाऊ. दादाचं दुकान पंखे दुरुस्तीचं. छताचे, टेबलाचे, भिंतीचे, जगातला कुठलाही पंखा आणा, वाइंडिंग करून देईल. त्याच्या हाताला यश होतं आणि त्याच्या जिभेला विराम नव्हता. भंगाराच्या ढिगावर चढता चढता त्याचं सुरूच होतं, "अगं बये, किती वेळा सांगू, विकून टाक हा खटारा आणि त्या माश्याही. माझ्या शेजारी बस, वाइंडिंग शिक. दरवर्षी डोंगरावर जाऊन त्या झोपडीत एकटी राहतेस, इथे आमच्या जिवाला घोर."

"ती तांबड्या व्हॅनची रेडिएटरची जाळी बघ," मधवाली म्हणायची. दादाच्या या पाढ्याला तिने कधीच उत्तर दिलं नव्हतं.

तांबड्या व्हॅनचा रेडिएटर मिळाला. घरी आणून हौदात बुडवला, तोंडं बंद करून आत हवा फुंकली, तर कोपऱ्यातून बुडबुडे. तिथे दादाने डाख दिला. पाण्याचा पाइप एका मोडक्या ट्रॅक्टरचा, त्याला वाक चुकीचा होता म्हणून कापून जोडला. रेडिएटर बसवायच्या पट्ट्या जुन्या लोखंडी पलंगाच्या. आणि पंखा? जुना गेला तो गेलाच. त्याच्या जागी दादाने एका चेपलेल्या मोटारगाडीचा विजेवर चालणारा पंखा निवडला. मोटर उघडून साफ केली, वंगण दिलं, रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला तो झकास बसवला. मग स्वतः गाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लाव चावी!"

पंखा फिरला. जाळीतून असा काही झोत आला, की दादाचे उरलेसुरले केस उभे राहिले. डोळे मिटून, हनुवटी वर करून तो वारा खात राहिला. वहिनी दारातून म्हणाली, "गाडीला थंड करताय की स्वतःला?"

"वारा बघ, वारा!" दादा म्हणाला. "गाडी आता हिमालयासारखी राहणार."

राहिली कसली! दुसऱ्याच फेरीला हायवेवर शिट्टी वाजवत वाफ बाहेर.

मग शोध सुरू झाला. आधी पाणी बदललं. मग गरम पाण्याला वाट देणारी झडप काढून टाकली, तरी तेच. रेडिएटरचं झाकण बदललं, तरी तेच. पुन्हा मिस्त्रीला गाठलं, तर तो म्हणाला, "इंजिनाचं हेड गेलंय. इंजिनावर ताण आला की तापणारच." ऐकायला बरोबर वाटलं. पण मधवालीच्या मनाला पटेना. ताणाचीच गोष्ट असेल तर चढावर तापायला हवी, नाही का? म्हणून तिने काय केलं, मागे दगड भरले, गावाबाहेरच्या टेकाडाचा खडा चढ पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत चढली. काटा ढिम्म! मग दगड उतरवले, रिकामी गाडी सपाटीवर पळवली. काटा वर. गाडी बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवून उभी राहिली, तर काटा आपसूक खाली. म्हणजे गाडीला ओझ्याचं वावडं नव्हतं, वेगाचं होतं. हे घोडं नेमकं पेंड खातंय तरी कुठे?

फवारणीच्या आदल्या दुपारी ती बागेत पेट्यांपाशी गेली. डोक्यात काटाच फिरत होता. ऊन रखरखत होतं, आणि प्रत्येक पेटीच्या दाराशी माश्यांचा पहारा लागला होता. डोकं दाराकडे, शेपूट बाहेर, पंख इतक्या जोरात चाललेले की दिसेनात. उकाडा वाढला की त्या आतली गरम हवा अशीच बाहेर ढकलतात. मधवालीने हे हजार वेळा पाहिलं होतं. तरी ती उकिडवी बसली, कारण तिचं असंच होतं, पाहिलेलंही पुन्हा पाहायला तिला आवडायचं.

हातात धुराडं होतं. भाता लावलेलं पत्र्याचं छोटं भांडं, माश्या शांत व्हाव्यात म्हणून ज्यातून धूर देतात ते. सहज म्हणून तिने दाराशी एक फुंकर सोडली. आणि ती बघतच राहिली. दाराच्या डाव्या कोपऱ्यात पंख हलवणाऱ्या माश्या होत्या, तिथला धूर झटक्यात बाहेर फेकला गेला. उजव्या कोपऱ्यात कुणीच उभं नव्हतं, तिथला धूर अलगद आत गेला. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत एकही शहाणी माशी पंख हलवत उभी नव्हती.

"अगं बाई!" मधवाली स्वतःशीच म्हणाली. मग धुराडं तसंच हातात घेऊन ती बागेच्या कडेला उभ्या केलेल्या पिकअपकडे जवळजवळ धावतच गेली.

चावी लावली, पंखा सुरू झाला. ती गाडीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि जाळीवर धूर सोडला. धूर आत जायला हवा होता. तो उलटा फिरून सगळाच्या सगळा तिच्या नाकातोंडात गेला. ती खोकली, डोळे पुसले, पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

म्हणजे पंखा वारा आत ओढत नव्हता, बाहेर फेकत होता! गाडी उभी असताना चालून जायचं. वारा कुठल्याही बाजूने गेला तरी जाळी निवते. पण गाडी पळायला लागली की रस्त्याचा वारा समोरून आत घुसायला बघणार, पंख्याचा वारा बाहेर यायला बघणार, आणि जाळीत दोघांची गाठ पडून दोघेही अडणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती एकटीच मोठमोठ्याने हसली.

मग हसता हसता थांबली. दादाने? नुसत्या आवाजावरून पंख्याचं दुखणं ओळखणाऱ्या दादाने पंखा उलटा बसवला? लोक डोळे झाकून ज्याच्याकडे पंखे टाकतात, त्याने? "विकून टाक हा खटारा" हे त्याचं पालुपद तिच्या कानात वाजायला लागलं, आणि ते काही केल्या थांबेना. छे, भलतंच काहीतरी, असं तिने स्वतःला बजावलं. पण शंका ही पायात मोडलेल्या काट्यासारखी असते, चालताना टोचतेच.

घरी येऊन तिने दादाला काही सांगितलं नाही, नुसता धूर दाखवला. दादाने एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाची जीभ झोपेतही चालते, तो मूग गिळून गप्प झाला. पाने-पक्कड आणून खाली वाकला आणि पंखा सोडवायला लागला.

"तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरेल ना?" मधवालीने विचारलं.

"फिरेल. पण पात्यांचा बाक तोच राहील, वारा अर्धाच मिळेल," तो खालूनच पुटपुटला. "पातीही पलटून बसवावी लागतील." बस्स, एवढंच. वहिनी चहा घेऊन आली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि कप ठेवून आल्या पावली परत गेली. या घरात असं सहसा होत नसे.

पंखा बसला. मधवालीने धूर सोडला. धूर जाळीत असा शिरला, जसं काही आत त्याला कुणी हाक मारली.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारं जाळीने बंद केली, आणि पहाटे गाडी निघाली. दादा शेजारी बसला होता. माश्यांना तो जन्मभर भ्यायलेला. मागे त्यांची गुणगुण वाढली की याची पाचावर धारण बसायची. तरी म्हणाला, "मी येणार. वाटेत काही झालं तर पंखा माझा आहे." काच घट्ट लावून, घामाने निथळत तो काट्याकडे टक लावून बसला. सपाट रस्ता आला. मधवालीने वेग घेतला. काटा मधोमध. आणखी वेग. काटा मधोमध. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी शेजारच्या गप्प माणसाकडे पाहून आतून काहीतरी कुरतडतही होतं. मागच्या गुणगुणीवरून माश्या धडधाकट आहेत हे मात्र तिला कळत होतं.

ऊन चढायच्या आत ते डोंगरावर पोचले. झोपडीमागच्या उतारावर पेट्या ओळीने लावल्या, मधवालीने एकेक दार उघडलं. माश्या बाहेर पडल्या, हवेत गोल फिरल्या, नवी जागा ओळखून घेतली आणि फुलांकडे निघाल्या. एकही पेटी गप्प नव्हती. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

दादा लांब, झाडाला टेकून उभा होता. ती त्याच्यापाशी गेली. मनात ठेवून ठेवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"दादा, खरं सांग. तू तो पंखा मुद्दाम उलटा बसवलास?"

दादाने तिच्याकडे पाहिलं, कुणीतरी तोंडात मारल्यासारखं. मग नजर वळवली.

"गाडी चढू नये असं मनात होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तू इथे आलीस की घर खायला उठतं. जेवताना रोज तुझी जागा दिसते. गाडी बसली तर तू राहशील, असं वाटायचं. रोज वाटायचं." त्याने हात पुढे केले, काळे, तारांनी कापलेले. "पण पंखा मी मुद्दाम उलटा बसवीन? अगं, हे हात तसं करतील का? जन्मभर माझं एकच माप, समोर उभं राहायचं आणि वारा तोंडावर आला की पंखा पास. गिऱ्हाइकाला तोंडावरच वारा हवा असतो. या वेळी गिऱ्हाईक मागे होतं, इंजिन! हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. काल धूर पाहिला, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, मनातलं पाप हातात उतरलं की काय."

मधवाली त्या काळ्या हातांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या त्या पालुपदात एवढंच होतं तर! खटारा वीक, माश्या वीक, वाइंडिंग शिक. सगळ्याचा अर्थ एकच, जाऊ नकोस.

"मग सरळ तसं म्हणायचं ना, दादा."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

ती खोटं बोलली नाही. "नसते थांबले."

"मग?" दादा म्हणाला आणि त्याने बाहीने चेहरा पुसला. घाम होता की आणखी काही, तिने विचारलं नाही.

खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. परतीची बस वर येत होती, ती गाठायला हवी होती. दादा दोन पावलं गेला आणि थांबला. पेट्यांकडे बघत राहिला, मग दबकत दबकत सगळ्यात जवळच्या पेटीपर्यंत गेला. दाराशी माश्या पंख हलवत होत्या. त्याने श्वास रोखून तळहात लांबून धरला.

"अगं, वारा लागतोय!" तो ओरडलाच. "खरंच लागतोय!"

"रविवारी ये," मधवाली म्हणाली. "वहिनीलाही आण. इथे जागा आहे."

"चावतात का गं?"

"चावतात."

दादाने जरा विचार केला. हात मात्र मागे घेतला नाही.

"बरं," तो म्हणाला. "येतो."