न लागलेला ठसका

“संसर्गाचं कारण आईचा हट्ट,” चष्मा काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवत महादेवरावांनी निकाल दिला. “भर थंडीत सातव्या महिन्यात झालेलं बाळ उघडं करून सूनबाई उराशी धरून बसायच्या. कुटुंबप्रमुख म्हणून मी हे जबाबदारीनं सांगतो.”

देवळीच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते, तेव्हापासून त्यांच्या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं. अंधश्रद्धेविरुद्धची त्यांची व्याख्यानं तालुकाभर गाजलेली. विज्ञान जणू त्यांच्या खासगी मालकीचंच होतं.

आचलनं मांडीवरच्या लेकाचं टोपडं सारखं केलं. पुलगावच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. साक्षीआधी साक्षीदार तपासायची तिची जुनी खोड होती. न्यूमोनियातून बाळ वाचलं होतं. आज दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. ते सासरी देवळीला जाणार की तिच्या माहेरी पुलगावला, एवढंच ठरायचं होतं.

“उराशी धरायला इथंच शिकवलं, मामाजी,” ती म्हणाली. “माझ्या अंगाच्या उबेनं त्याचं फुप्फुस बिघडायचं असतं, तर जन्मल्यावर याच दवाखान्यात बिघडलं असतं. इथून तर ते धडधाकट घरी गेलं.”

“हा उद्धटपणा—”

“दूध माझंच पाजलं. घरात बिडी कुणी ओढत नाही. सर्दी-खोकलेवाले पाहुणे तुम्हीच दारातून परत पाठवलेत, तेही मान्य. मग उरलं काय?”

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. “इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या श्वासनळ्या अगदी बारीक असतात. त्यात हे जन्मल्यावर श्वासाच्या मशीनवर होतं. गर्दी, कुणाची सर्दी, धूर, काहीही पुरतं. पुन्हा झालं तर मी हमी देणार नाही. घरात धूर होतो?”

“मुळीच नाही. आमच्याकडे गॅस आहे.”

आचलनं पिशवीतून एक दुपटं काढलं. बाळ आजारी पडलं त्या दिवशी त्याच्याभोवती होतं ते. तिनं ते धुतलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं होतं. तिनं ते चष्म्याशेजारी पसरलं. डॉक्टरीणबाई वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. जळक्या मिरचीचा वास होता तो.

“मी न्हाणीघरात होते,” आचल म्हणाली. “बाळापाशी तुम्ही होतात.”

“फोडणीचा वास असेल.”

“फोडणी?” दाराशी उभ्या असलेल्या सुलोचनाबाई, त्यांच्या पत्नी, एकदम बोलल्या. “मी बजारातून आली तं कोळशाची शेगडी गरम कशी होती मंग? पोराची नजर काढू म्हटलं तं मले अडाणी म्हनत होते! सांगा नं आता, मास्तर!”

“बाळ पुलगावला जाईल,” आचल म्हणाली. “का, ते तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

बाळ झोपेत बारीकसं खोकललं. तिघीही त्याच्याकडे वळल्या.

महादेवरावांनी चष्मा उचलला, पण डोळ्यांवर चढवला नाही. व्यासपीठावरची त्यांची घासूनपुसून घेतलेली भाषा कुठंतरी मागं राहिली.

“पयल्यांदा मिरच्या टाकल्या तं ठसकाच लागला नाई. नजर लय जबर हाय, असं वाटलं मले. म्हून दार लावलं अन् पुन्हा टाकल्या. पोरगं खोकललं, तवा कुठं माह्या जिवाले बरं वाटलं.”