खोलाकडची दोरी

लेक रंजूचं लग्न झालं त्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, अड्याळच्या दवाखान्यात इतवारीने सदरा वर करून डॉक्टरांकडे पाठ फिरवली.

“माहाबी फोटो काढा जी. माही कंबर का लोखंडाची हाय?”

खरं तर दाखवायला आणलं होतं थोरल्या भावाला, गोमाजीला. महिनाभर त्याला वाकता येत नव्हतं. गावात जो तो त्याच्याच कमरेची चौकशी करू लागला, तशी इतवारीचीही कंबर जास्तच दुखू लागली.

ही जळजळ आजची नव्हती. तलावात जाळं ओढताना काठाकडची दोरी इतवारीकडे, खोलाकडची गोमाजीकडे. बाप गेल्यापासून तीस वर्षं असंच. खोलाकडची दोरी ओढणाऱ्याच्या ताटात पहिल्या रोहूचं डोकं पडे. इतवारीने ती कितीदा मागितली.

“तुह्यानं नाही होत,” एवढंच दादा म्हणे.

डॉक्टरांनी दोघांचे एक्स-रे उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. गोमाजीच्या कमरेतला एक मणका खालच्यावरून पुढे सरकला होता. इतवारीचे मणके एकावर एक, नीट रचल्यासारखे.

“तुम्हाला काही झालेलं नाही,” डॉक्टर इतवारीला म्हणाले. त्याचं तोंड पडलं. इथंही दादाच मोठा.

“पण गोमाजी, हे फार जुनं आहे. कधी पडला होतात?”

“पडलो नाही जी. दोरी हाती घेतली त्याच्या दुसऱ्याच वर्षी जाळं गाळात फसलं. ओढलं तं कमरेत कट्टकन वाजलं.”

इतवारी गर्रकन वळला.

“तवापासून? मंग मले काहून नाही देली दोरी?”

जाळ्याची वीण तपासावी तसं गोमाजीने इतवारीच्या एक्स-रेवरून वरून खाली बोट फिरवलं.

“हे सरळ हाय ना जी? पुरं?”

“पूर्ण सरळ.”

“बस झालं मंग,” गोमाजी म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी काठाकडची दोरी शेजारच्या तुलारामने धरली, खोलाकडची इतवारीने. दुपारपर्यंत त्याची कंबर खरोखरच भरून आली. तो कुणाला बोलला नाही. जेवताना ताटात पडलेलं रोहूचं डोकं त्याने उचलून दादाच्या ताटात ठेवलं.

“तुह्या वाट्याचं हाय थे.”

“खाय ना चुपचाप.”

गोमाजी त्याच हिवाळ्यात, माघी पौर्णिमेच्या पहाटे झोपेतच, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी वारला.