गाडीच्या नाकावरचा बदाम

लग्नाला होकार देताना नवलाख उंबरे गावच्या रेणुकानं एकच अट घातली होती. कामशेतच्या नाक्यावर तिचं गॅरेज होतं, गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं. ते लग्नानंतरही चालू राहणार. नवरामुलगा ओंकार भाजे गावचा. तो तिथल्या तिथं म्हणाला, "मला चालतंय. फक्त आजीला इचारून सांगतो." ही गोष्ट दिवाळीतली. आता वैशाख आला, हळद लागली, डोक्यावर अक्षताही पडल्या, तरी ह्या बहाद्दराचं विचारून होत नव्हतं. आजीसमोर उभा राहिला की त्याची दातखीळ बसायची. आजी म्हणजे कस्तुराबाई. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि त्यांचं ठाम मत होतं की नव्या सुनेच्या हाताला वर्षभर तरी हळदीचाच वास यायला पाहिजे.

त्यामुळे वडगावच्या कार्यालयातून वरातीची गाडी निघाली तेव्हा नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं ते माहेरचं, आणि मनात घोर होता तो गॅरेजचा.

गाडी ओंकारच्या मामाची, केरबामामाची. तोच चालवत होता. शेजारी कस्तुराबाई, कारण त्यांना ऊन सोसत नाही आणि अख्ख्या वऱ्हाडात एसी असलेली गाडी ही एकच. मागं नवरा-नवरी. तिचा शालू आणि त्याचा शेला यांची गाठ मारलेली, आणि ती घरच्या देवापुढं जाईपर्यंत सोडायची नाही अशी कस्तुराबाईंची सक्त ताकीद. ओंकारच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार, कपाळावर मुंडावळ्या. मागून बँडवाल्यांचा टेम्पो.

कामशेत सुटेपर्यंत सगळं झकास होतं. एसीचा वारा छान गार लागत होता. पंख्यातून मात्र एक बारीक खडखड येत होती. रेणुकाच्या कानानं ती कधीच टिपली होती, पण नवी नवरी काय बोलणार? खाली मान घालून बसली.

कार्ला फाट्याच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. रविवार, त्यात सुट्ट्यांचे दिवस. मुंबईपुण्याची निम्मी माणसं लोणावळ्याला निघालेली. गाडी थांबली आणि थोड्याच वेळात एसीतून गरम वारा यायला लागला. काचा उघडाव्यात तर शेजारच्या ट्रकचा धूर आत. कस्तुराबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"ग्यास संपला," केरबामामानं निदान केलं. "कालच भरलाता. फसवलं त्या भाड्या ग्यासवाल्यानं."

रेणुकाला राहवेना. "मामा, गाडी पळत हुती तवा गार लागत हुतं ना?"

"हुतं की."

"मंग ग्यास न्हाई संपला. संपला असता तर पळतानाबी गार लागलं नसतं. मी जरा बघू का?"

आरशातून कस्तुराबाईंनी नवरीकडं पाहिलं. त्यांच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण घामानं जीव इतका हैराण झाला होता की त्या नुसत्या "बघ" म्हणाल्या.

रेणुका दार उघडून उतरली, आणि गाठ ताणली गेल्यामुळे नवरदेव सीटवरून घसरत घसरत तिच्या मागं बाहेर पडला. तिनं पदर खोचला, हिरवा चुडा कोपरापर्यंत मागं सारला आणि बॉनेट उघडलं. ओंकारही शेजारी वाकला. वाकतो नाही तर काय करतो!

"अहो, त्या मुंडावळ्या वर गुंडाळा," ती म्हणाली. "इंजिनाच्या पट्ट्यात अडकल्या तर आपलं लग्न हितंच संपंल."

कालपर्यंत ती त्याला फोनवर नुसतं ओंकार म्हणायची. 'अहो' आजच सकाळपासून. त्या एका शब्दानं तो इतका विरघळला की मुंडावळ्यांचा त्यानं थेट अंबाडाच घातला.

मागं टेम्पोतल्या बँडवाल्यांनी पाहिलं की नवरा-नवरी गाडीतून उतरली. त्यांचा समज झाला, आता नाच. ताशा कडाडला. वऱ्हाडी धडाधड उतरले आणि भर हमरस्त्यात नाचायला लागले. शेजारच्या गाड्यांतली सुट्टीवरची मंडळीही बाहेर येऊन त्यांच्यात मिसळली. गाड्या हलत नव्हत्याच, मग बसून तरी काय करायचं?

रेणुकाचं तिकडं लक्षच नव्हतं. एसीचा कॉम्प्रेसर टक् करून सुरू व्हायचा आणि लगेच टक् करून सुटायचा. तिनं बारक्या पाइपला बोट लावलं आणि चटका बसताच मागं घेतलं. मग पुढं येऊन गाडीच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

केरबामामानं स्वतःच्या हातानं गाडी सजवली होती. पुढच्या जाळीवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, थर्माकोलचा लालभडक बदाम दोऱ्यांनी आवळलेला. त्यावर चमकीनं लिहिलेलं: ओंकार वेड्स रेणुका. उरलेल्या फटीत झेंडू ठासून भरलेला, मुंगी शिरायला जागा नाही.

"मामा, ह्या जाळीतनं वारं आत गेलं तरच एसीची गरमी भाईर पडती. हे गाडीचं नाक हाय, आन् तुमी नाकावरच बदाम बांधलाय. पळताना कुटनं तरी थोडं वारं घुसत हुतं. थांबल्यावर तेबी बंद. हा काढाय लागंल."

केरबामामा दोन्ही हात पसरून गाडीपुढं आडवा झाला. "लग्नाच्या दिशी नवरानवरीची नावं कापायची? आगं, अपशकुन हाय ह्यो!"

रेणुकाचा हात थांबला. अपशकुन म्हटल्यावर गोष्ट एसीची राहत नाही. उद्या घरात दूध नासलं तरी नाव तिचंच निघणार, आणि मग गॅरेजचा विषय काढायचीही सोय नाही. तिला एकदम रडू यायला लागलं. तिनं ओंकारकडं पाहिलं.

ओंकारनं आजीकडं पाहिलं, बदामाकडं पाहिलं, मग कट्यारीचं लिंबू उपसून मामाच्या पसरलेल्या हातावर ठेवलं.

"मी कापतो," तो म्हणाला. त्यानं बदामाच्या दोऱ्या सपासप तोडल्या आणि तेवढ्याच जोरात, ताशाच्या वर आवाज चढवून ओरडला, "आजे, हिचं ग्यारेज चालूच ऱ्हाणार! दिवाळीपास्नं सांगायचं ऱ्हायलंतं!"

दातखीळ उघडली ती अशी. रेणुकाला वाटलं, ह्या माणसाला इथंच, ट्रकवाल्यांच्या देखत मिठी मारावी.

काचेतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "आदी गार व्हऊ दे. मग बगू."

झेंडू उपसला, जाळी मोकळी झाली. कॉम्प्रेसर टक् करून लागला आणि लागूनच राहिला. पण आता ती खडखड रेणुकाला गप्प बसू देईना. तिनं कस्तुराबाईंच्या बाजूचं दार उघडलं, समोरचा खण खाली पाडला. "मामा, वारं गाळायचा फिल्टर कुटं हाय?"

"धुऊन वाळत घातलाय. दोरीवर, घरी," मामा हळूच म्हणाला. "त्याबिगर वारं जास्ती लागतं म्हन्लं."

"आजी, डोळे मिटा." रेणुकानं फिल्टरच्या जागेचं झाकण ओढलं आणि पंखा पुरता मोठा केला.

आतून अक्षता उडाल्या! पाठवणीच्या वेळी वऱ्हाडानं उरल्यासुरल्या सगळ्या गाडीवर उधळल्या होत्या. त्या बॉनेटच्या फटीतून पंख्यात शिरून बसल्या होत्या. गार वाऱ्याबरोबर पिवळ्या तांदळाचा फवारा कस्तुराबाईंच्या केसांत, रेणुकाच्या नथीवर, ओंकारच्या अंबाड्यावर. बँडवाल्यानं ते बघून अक्षता पडताना वाजवतात ती चाल धरली. कस्तुराबाईंनी एक डोळा उघडला, पदरात पडलेले दाणे पाहिले आणि हसायला लागल्या. पोट धरून, बोळकं उघडून, खोकला येईपर्यंत हसल्या. रेणुकाही हसली, इतकी की गाठीनं बांधलेला ओंकार तिच्याबरोबर हलत राहिला.

भाज्यात पोचेपर्यंत गाडी गारेगार होती. दारात माप ठेवलेलं, बायका उखाण्यासाठी अडून बसलेल्या. रेणुकानं एकदा कस्तुराबाईंकडं पाहिलं. होय-नाही अजून आलंच नव्हतं. मग तिनं धीर केला.

"नाकावरचा बदाम काढला, गाडी झाली गार,
ओंकाररावांचं नाव घेते, सोमवारी उघडते ग्यारेजचं दार."

कस्तुराबाई पुढं आल्या. त्यांनी रेणुकाचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले. हळद होती, ऑइलही होतं.

"सोमवारी न्हाई," त्या म्हणाल्या.

मापाशी नेलेला पाय रेणुकानं मागं घेतला.

"सोमवारी सत्यनारायण हाय, मंगळवारी गोंधळ. बुधवारी उघड. आन् आत ये आता बिगीबिगी, आपला फ्रीजबी लय दिस झालं गार करीत न्हाई."

रेणुकानं हसत मापाला पाय लावला आणि तांदूळ उधळत आत शिरली. ओंकारलाही मागोमाग धावावं लागलं. गाठ अजून सुटायची होती.