ध्रुवावरचा शेंदूर

मी एक जुना गाळणकागद आहे, आणि खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे. मित्रांनो, बशीएवढा, पांढराशुभ्र असा मी एका कारखान्यात जन्मलो. वाटलं होतं, कुठल्यातरी शाळेत गढूळ पाणी गाळीन. पण मला धाडलं दक्षिण ध्रुवाकडची हवा गाळायला!

१९९८ साली पुसेगावचा विश्वंभर आम्हा बावन्न कागदांना घेऊन अंटार्क्टिकाला गेला. दर आठवड्याला तो एक कागद यंत्रात बसवायचा. यंत्र त्यातून हवा ओढायचं आणि हवेतली न दिसणारी धूळ कागदावर राहायची. त्या धुळीत काय किती आहे, यावरून ती कुठून आली ते कळतं. मीठ समुद्राचं, लोखंड मातीचं, शिसं आणि जस्त बहुतेक माणसांच्या धुराड्यांतलं. म्हणून आम्हाला कोणी हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायचं. विश्वंभरचं हे सोवळं फार कडक होतं.

निघताना आई चतुराबाईंनी गावच्या मारुतीचा शेंदूर पुडीत बांधून त्याच्या कोटाच्या खिशात घातला होता. "असू दे लेकरा, तिकडं आपलं कोन हाय?" तो विज्ञानाचा माणूस, हसला. पण पुडी काही त्याने काढली नाही.

जुलैत माझी पाळी आली. त्याच दिवशी संशोधन ठाण्यावर वडिलांचा, सोनाजींचा फोन आला. "विश्या, तुझी माय गेली रे. लई वाट पाहिली तुझी."

समुद्र गोठलेला. कितीतरी महिने जहाज येणार नव्हतं. विश्वंभर यंत्रापाशी आला. मोजा घातलेल्या हातानेच त्याने पुडी उघडली, कपाळाला बोट लावलं आणि रडत रडत त्याच हाताने मला यंत्रात बसवलं. चिमटा बाजूला तसाच पडून होता.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत माझा अर्धा भाग आम्लात विरघळवला. माझ्यात इतरांच्या चाळीसपट शिसं निघालं! प्रयोगशाळेचे साहेब हरखले. दूरदेशीच्या कारखान्यांचा एवढा धूर ध्रुवापर्यंत पोचतो, याचा पुरावाच मिळाला असं त्यांना वाटलं. विश्वंभरला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग त्याने पुडी साहेबांसमोर ठेवली.

"साहेब, शेंदरात शिसं असतं. हे धुराड्यातलं नाही. माझ्या आईने दिलेलं आहे."

"पुडी वर्षभर तुझ्या खिशात होती. मग बाकीच्या एक्कावन्न कागदांचा तरी भरवसा कसा धरायचा?" साहेब म्हणाले.

अख्ख्या वर्षाचं काम बाद झालं. ज्या कामापायी त्याला आईचं शेवटचं तोंड पाहता आलं नाही, तेच काम. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. विश्वंभरने मला मागून घेतलं आणि गावी आणून सोनाजींच्या हातात ठेवलं.

सोनाजींनी मला उजेडाकडे धरलं. "याच्यात त काईच दिसून न्हाई राहिलं."

"दिसत न्हाई, बाबा. पर हाय. मायच्या हातचा शेंदूर हाय त्याच्यात."

सोनाजींनी उघडा तळवा माझ्यावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता सोनाजीही नाहीत. मी मारुतीच्या तसबिरीमागे असतो. मित्रांनो, तुम्ही अंगणात जुनी बॅटरी, टायर जाळलं, तर तो धूर कुठल्या कुठे जाऊन एखाद्या कागदावर बसतो. तेवढी हवा जपा. आणि दिवाळीच्या साफसफाईत तसबिरीमागे अर्धा, कळकट कागद सापडला, तर फेकू नका. चतुराबाईंची तेवढीच चिमूट उरली आहे.