खुर्चीवरच्या कोटाचं तेज

माझा थोरला हल्ली दुकानात आलेल्या माणसाला बसा म्हणत नाही, आधी त्याच्या डोक्याभोवती बघतो. मोठ्या डॉक्टरने नाडी बघावी तसा. या चाळ्यांचा मला पहिल्या दिवसापासून राग. पण लोक! फोटोच्या दुकानापुढे सकाळपासून रांग, आणि आत हा आवाज मऊ करून सांगतोय, "कॅमेरा निमित्तमात्र. दिसतं ते तुमचं आतलं तेज." आजवर याने पासपोर्टचे फोटो काढले, त्यातही निम्म्यांच्या माना वाकड्या.

फोटोत माणसाच्या कडेने पांढरा पट्टा उठायचा, हे खरं. ज्याचा पट्टा रुंद, त्याला हा सांगायचा, तुम्हाला औषधाची गरज नाही.

समोरची शिवणवाली माझी तीस वर्षांची मैत्रीण. गडद निळी साडी नेसून आली, पट्टा बोटभर निघाला. तिने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. मी भांडले, तर म्हणाली, तुझाच मुलगा ना, खोटं कशाला सांगेल? सव्वा महिन्यात ती मशीनवरच कोसळली. उजवा हात लकव्याने गेला. आणि हा म्हणतो, तिचा विश्वास डळमळला असेल.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण दुकानातल्या संगणकावर सून बसते, तिला समोर बसवून विचारलं. तिने सगळं सांगितलं. एकाच माणसाचे तीन फोटो काढायचे: काळपट, बरा, उजळ. प्रोग्रॅम तिन्ही मिसळतो, म्हणजे चेहराही दिसतो आणि मागची खिडकीही. मिसळताना जोर जास्त दिला, की गडद कपडा उजेडाला टेकतो तिथे पांढरी कड उरते. जोर कमी केला की कड जाते. कोणाला किती जोर द्यायचा ते थोरला सांगतो.

दुसऱ्या दिवशी रांगेसमोर, खिडकीपुढच्या खुर्चीवर मी यांचा काळा कोट टाकला आणि सुनेला फोटो काढायला लावला. हे जाऊन अकरा वर्षं झाली. कोटाला चार बोटं तेज आलं.

कोणी हसलं नाही. एक बाई म्हणाली, पण माझं तरी खरं होतं ना? सुनेने तिच्यादेखत तिच्या फोटोतली कड पुसून दाखवली. बाई चिडली, तीही माझ्यावर. चिडू दे. गोळी घ्यायची की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरला विचारा, आणि कोणी काही दाखवलं तर कसं केलं तेही विचारा. विचारायला शाळा लागत नाही.

थोरला मागच्या खोलीत जाऊन बसला होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "कड किती ठेवायची ते तू ठरवायचास, म्हणजे तिच्या गोळ्या तूच बंद केल्यास. ती मला ओळखत होती म्हणून तुझ्यावर भरवसा ठेवला. माझ्या नावावर तू तिचा हात घेतलास. हे मी तुला माफ करणार नाही."