न वाजलेली घंटा

मी एक जुना गॅसचा सिलिंडर आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्या पोटात आता गॅस नाही आणि माझ्या जिवावर कुणाची चूलही पेटत नाही. माझं बूड कापून मला चर्चच्या अंगणातल्या नीरफणसाच्या फांदीला साखळीनं टांगलं आहे. लोखंडी गजानं मला बडवतात आणि माझा आवाज समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो. सामोआतल्या या गावाची घंटा म्हणजे मीच.

बोटीतून उतरलो तेव्हा मी निळा आणि चकचकीत होतो. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात माझा काय तोरा असायचा. पुढे खाऱ्या वाऱ्यानं मला गंज चढला आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन पडलो. तिथून मला आउकुसोनं उचललं. आउकुसो चर्चमधली गाणी बसवतो. डबा दिसो की पत्रा, वाजवून पाहायची त्याला खोड आहे. त्यानं मला ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "हा तर सुरात आहे."

तेव्हापासून माझा ताठा जो वाढला तो वाढलाच. शेजारच्या गावात खरीखुरी पितळी घंटा आहे. तिचं नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखतं. मी मत्सरी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटायला नको.

संध्याकाळी मी तीनदा वाजतो. पहिल्यांदा वाजलो की माणसं घराकडे वळतात. दुसऱ्यांदा वाजलो की 'सा' सुरू होतो, म्हणजे घरोघरी प्रार्थना आणि रस्ता बंद. वाटेत सापडलात तर तिथल्या तिथे खाली बसून मान लववायची. तिसऱ्यांदा वाजलो की सगळे मोकळे.

मला वाजवायचं काम आउकुसोच्या भाचीकडे होतं. तिचं नाव फुआतिनो. ती आणि तिची आई सिनापाती माझ्या समोरच्याच घरात राहतात. गज उचलता येऊ लागला तेव्हापासून फुआतिनोच मला वाजवायची. वाजवून झालं की माझ्या अंगाला तळवा टेकवून आतली थरथर विरेपर्यंत उभी राहायची आणि मग माझाच सूर पकडून गुणगुणत घरी जायची. दुसऱ्या कुणी गज हातात घेतला की मी मुद्दाम भसाडा वाजायचो.

मग एका नाताळात ऑकलंडच्या लुपेमावशीकडून खोकं आलं. त्यात माशांचे डबे होते, चादरी होत्या आणि तो होता. काळा, गुबगुबीत, दोन्ही कानांवर उशा घेऊन बसणारा हेडफोन.

मला उन्हापावसात टांगलेलं, आणि हा थेट तिच्या केसांत जाऊन बसला. मी घसा फोडून गावाला हाका मारायच्या आणि या मेल्यानं कानाशी लागून तिला पटवायचं. कपडे धुताना तो, खोबरं किसताना तो, झोपतानाही तोच. आमच्या बसमध्ये गाणी इतकी मोठ्यानं लावतात की खिडक्या थरथरतात. त्यावरही आपलं गाणं ऐकू यावं म्हणून ती त्याचा आवाज चढवायची, आणि बसमधून उतरली तरी तो चढलेलाच राहायचा. पत्र्यावर पाऊस आला की आणखी वर. हळूहळू गज सिनापातीच्या हाती आला. ती मला कपडे आपटावेत तशी आपटते.

एकदा मी दुसऱ्यांदा वाजून गेलो तरी ही आपली मान डोलवत भर रस्त्यातून चालली होती. सा कुणी मोडू नये म्हणून रस्त्यावर राखणीला उभ्या असलेल्या माणसांनी हाका मारल्या, त्याही तिला ऐकू गेल्या नाहीत. शेवटी एकानं समोर जाऊन काठी आडवी धरली.

"काय राणीसरकार, तुमच्या घरी देव नाही वाटतं?"

फुआतिनोनं हेडफोन खाली ओढला. "वाजली का घंटा? मला नाही ऐकू आली."

"अख्ख्या डोंगराला आली. तुलाच कशी नाही आली?"

सिनापातीला त्या माणसांची माफी मागावी लागली. घरी आल्यावर ती लेकीला म्हणाली, "पुन्हा असं झालं ना, तर तो डुकरांच्या गळ्यात बांधीन." मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता याची हकालपट्टी झालीच, असं मी धरून चाललो होतो. पण तो काही गेला नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरात मुलांचा रविवार असतो. त्या दिवशी पोरं पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चमध्ये गातात आणि घरी मोठ्यांच्या आधी जेवतात. त्या वर्षी एकटीनं गायचं कडवं फुआतिनोला मिळालं होतं. लहानपणापासून ती त्याच कडव्याची वाट पाहत होती. पण तालमीत तिचा सूर बसेना.

"फुआ, वर घे," आउकुसो म्हणाला.

"घेतलाय की, मामा."

"कुठे घेतलायस? माझी डुकरीण याहून वर घेते."

पोरी हसल्या, पण फुआतिनो नाही हसली. कुणी टाळी वाजवली तरी ती दचकायची. कानांत कापूस भरल्यासारखं वाटतं, डोकं जड होतं, असं म्हणायची. मला मुळीच कीव आली नाही. माझी हाक टाकून त्याच्या नादी लागली ना, मग भोगू दे, असं मी म्हणालो.

आणि मग ती दुपार आली. फुआतिनो दुकानातून पाव घेऊन येत होती. हेडफोन गळ्यात होता आणि बंद होता. ऊन रणरणत होतं, माणसं कामात होती. चर्चपाशी येताच ती एकदम थांबली, पाव मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसली आणि तिनं मान लववली.

सिनापाती धावत आली. "काय झालं गं? चक्कर आली का?"

"हळू बोल ना, आई. सा चालू आहे."

"भर दुपारी कसला सा?"

"आत्ता घंटा वाजली की. अजून वाजतेय. तुला ऐकू येत नाही?"

मित्रांनो, मी फांदीवर गप्प लटकत होतो. वाऱ्याची झुळूकही नव्हती. माझा आवाज काढून दुसरंच कुणीतरी तिच्या कानात वाजत होतं, आणि तिनं त्यालाच मी समजून मान लववली होती. इतका जळफळाट मला हेडफोनमुळेही झाला नव्हता.

लगेचच्या रविवारी गावातली नर्स माटालेना त्यांच्याकडे जेवायला आली. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"तू तो लावून बसलीस की शेजारच्याला गाणं ऐकू जातं का?" माटालेनानं फुआतिनोला विचारलं.

"मला तर सगळी पाठ झालीत," सिनापाती म्हणाली.

"मग आवाज फार मोठा आहे. हे बघ फुआ, कानाच्या आत बारीक केसांसारखं काहीतरी असतं. मैदानातलं गवत समज. त्यावरून कधीमधी चाललीस तर ते पुन्हा उभं राहतं. रोज दिवसभर नाचलीस तर खालची जमीन उघडी पडते. आणि हे गवत एकदा मेलं की परत उगवत नाही."

"मग ती घंटा कोण वाजवतं?"

"कुणी नाही. तुझा कानच वाजतोय."

मग माटालेनानं तिला बजावलं: आवाज निम्म्यावर ठेव, बसमध्ये लावूच नकोस, मधूनमधून काढून कानांना विसावा दे, आणि आधी राजधानीत, आपियाला जाऊन कान तपासून घे. जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ते धूड बडवताना तुम्हीही कानांत बोळे घालत जा. तेही काही कमी नाही." माझा तिळपापड झाला. तिनं मला आणि त्याला एकाच पंगतीला बसवलं.

आपियाहून मायलेकी परतल्या. उजवा कान सावरेल, डाव्याचं सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलांच्या रविवारी कडवं दुसऱ्या मुलीनं गायलं. फुआतिनो पांढरा झगा घालून पोरींमध्ये उभी होती आणि नुसते ओठ हलवत होती. हेडफोन घरी फळीवर पडून होता. म्हणजे मी जिंकलो होतो, पण मला तो विजय नको झाला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की तिचं कडवं तिला परत मिळणार असेल तर हेडफोन खुशाल तिच्या डोक्यावर बसू दे, मी काही बोलणार नाही.

मित्रांनो, तुमचे कान तुमच्याकडे काही मागत नाहीत, म्हणून त्यांना गृहीत धरू नका. गाणी जरूर ऐका, पण हळू ऐका, आणि कान दमले की त्यांना थोडं मोकळं सोडा. कान वाजू लागले किंवा दडे बसले तर लपवू नका, घरात सांगा. मोठ्या आवाजाजवळ जाताना कान झाका, मग तो आवाज माझा का असेना.

फुआतिनोचा डावा कान अजून वाजतो. त्यातली घंटा कुठली आणि माझी कुठली, हे तिला नुसतं ऐकून कळत नाही. म्हणून संध्याकाळी खाली बसण्याआधी ती घराच्या कडेला येते आणि मी हलतोय का ते पाहते. तिनं माझ्याकडे पाहावं म्हणून मी वर्षभर जळत होतो. आता ती रोज पाहते.