शामलाबाईंचं अक्षर

"आज्जी, काचेला हात लावू नका," संग्रहालय दाखवणारी शिवांजली म्हणाली.

शामलाबाईंनी हात मागं घेतला. काचेखाली हस्तलिखित होतं, वर पाटी : 'आण्णासाहेबांचे हस्ताक्षर'. तेरमधल्या या लेखकाच्या घराचं संग्रहालय होऊन तीन वर्षं झाली होती. इथल्याच शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या शामलाबाई आज पहिल्यांदाच धाराशिवहून बसनं आल्या होत्या.

"शेवटच्या पुस्तकापर्यंत अक्षर बघा, मोत्यावानी!" शिवांजली कॉलेजच्या मुलींना सांगत होती.

"त्यांना दिसत नव्हतं, बाळ," शामलाबाई हळूच म्हणाल्या. "शेवटची अकरा वर्षं. ते सांगायचे, मी लिहायचे. शाळा सुटली की रोज."

मुली वळून बघू लागल्या. शिवांजली गोंधळली, पण पोरगी मनानं चांगली होती. तिनं कागद-पेन पुढं केलं. "मग एक ओळ लिहा की. फोटो काढून ट्रस्टच्या साहेबांना पाठवते."

शामलाबाई खुर्चीत टेकल्या. दोन वर्षांपासून हात कापत होता, तरी त्यांनी पेन धरलं. 'आ' काढताना टोक कागदावर उडालं, काना भलतीकडंच गेला. दुसऱ्यांदा कागदच फाटला. मुली खिडकीबाहेर बघू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या, आज्जी. पाणी देऊ का?" शिवांजलीनं विचारलं. "पुस्तकात असंलच की तुमचं नाव. प्रस्तावनेत?"

"न्हाई."

का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. बिनलग्नाची बाई विधुराच्या घरी रोज जाते, म्हणून गावात कुजबुज होती. आणि शेवटच्या पुस्तकाची प्रस्तावना सांगताना आण्णासाहेब म्हणाले होते, "लिही : ही सगळी पुस्तकं शामलाच्या हातानं झाली." शामलाबाईंनी पेन उचलून धरलं. वाक्य लिहायला लागला असता तेवढा वेळ कोरड्या नखानं कागद खरवडत राहिल्या.

"लिहिलंस?"

"हो."

अकरा वर्षांत त्यांनी गाळलेली तेवढी एकच ओळ.

शिवांजली मुलींना घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिथं आण्णासाहेबांची काठी होती. शामलाबाईंनी फाटका कागद पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता बाहेर पडल्या. धाराशिवची गाडी नुकतीच गेली होती. थांब्यावरच्या बाकावर, डाव्या हातानं उजवा हात दाबून धरून, त्या पुढच्या गाडीची वाट बघत बसल्या.